हिरवा सोफा आणि कंटिन्युइटी

सोफा फक्त दोन दिवसांसाठी न्यायचा ठरला होता. सेटवरच्या सोफ्याचा पाय ऐन चित्रीकरणात मोडला, नवा आणायला वेळ नव्हता, आणि सगळ्यांच्या माना लेखकाकडे वळल्या. बारा वर्षं तो ती विनोदी मालिका लिहीत होता आणि मालिकेतलं घर त्याने स्वतःच्या दिवाणखान्यात बसूनच रचलं होतं.

“तुझ्याच सोफ्यावर बसून लिहितोस ना? मग तोच पाठव,” दिग्दर्शक म्हणाला.

बायको माहेरी गेली होती. ती परत यायच्या आत सोफा जागेवर येईल, या भरवशावर लेखकाने हमालांना दार उघडून दिलं. पण बायको एक दिवस आधीच आली. दिवाणखान्यात फरशीवर चार पायांचे चार डाग तेवढे शिल्लक होते.

“सोफा कुठंय?”

“शूटिंगला गेलाय.”

“बरं झालं. निदान घरातलं कोणीतरी वेळेवर कामाला लागलं,” ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. “अहो, तो बाबांनी दिलेला सोफा आहे! महिनाअखेरीला ते राहायला येतायत. आल्या आल्या आधी त्याच्यावरून हात फिरवतात, मग माझी चौकशी करतात. काय सांगणार आहात त्यांना?”

सासरे म्हणजे रेल्वेतले निवृत्त तिकीट तपासनीस. समोरचा माणूस काहीतरी लपवतोय, हे गृहीत धरूनच ते बोलायला सुरुवात करत, आणि जावयाच्या बाबतीत तर त्यांची खात्रीच होती. लेखक दुसऱ्या दिवशी तडक स्टुडिओत गेला.

“सोफा द्या. दोन दिवस झाले.”

“वेडा आहेस का?” दिग्दर्शक म्हणाला. “काल तो पडद्यावर दिसला! आज गायब झाला तर लोक विचारतील, सोफा गेला कुठे? कंटिन्युइटी नावाची काही चीज असते की नाही?”

लेखकाच्या अंगाचा तिळपापड झाला. या मालिकेत आजी तीन वेळा बदलली होती. धाकटी मुलगी एकदा वरच्या खोलीत अभ्यासाला गेली ती चार वर्षांत खाली आलीच नव्हती. तेव्हा कंटिन्युइटी कुठे शेण खात होती? पण हे बोलायची सोय नव्हती, कारण मुलीला वर पाठवून विसरणारा तो स्वतःच होता.

मग त्याने आपलं हत्यार बाहेर काढलं. पुढच्या भागात त्याने सोफा कापड बदलायला पाठवला. दिग्दर्शकाने तो प्रसंग खोडला. त्याच्या पुढच्या भागात त्याने दोन भावांच्या वाटण्या केल्या आणि सोफा मोठ्या भावाच्या वाट्याला देऊन घराबाहेर काढला. वाहिनीच्या साहेबांनी निरोप धाडला की वाटण्या झकास झाल्यात, मोठा भाऊ जाऊ दे, सोफा राहू दे. मोठ्या भावाचं काम करणारा नट आठ दिवस लेखकाला फोनवरून शिव्या घालत होता.

त्याच सुमारास मालिकेची नवी जाहिरात चौकाचौकांत लागली. मधोमध हिरवागार मखमली सोफा, त्याच्याभोवती सगळे नट. लेखक तिच्यासमोर उभा राहून धुमसत राहिला. बारा वर्षं त्याने मान मोडून लोकांना हसवलं, त्याला कुत्रं ओळखत नव्हतं. आणि सोफा तीन आठवड्यांत नावारूपाला आला होता!

महिनाअखेर आली, सासरे आले. त्यांनी चपला काढल्या, हात पुढे केला आणि तो हात हवेतच राहिला. त्यांनी लेखकाकडे पाहिलं. लेखकाने बायकोकडे पाहिलं.

“मी खोटं बोलणार नाही,” ती म्हणाली. “घेऊन जा त्यांना आणि दाखवा.”

स्टुडिओत चित्रीकरण चालू होतं. लेखकाने सासऱ्यांना कॅमेऱ्यामागे उभं केलं आणि तोंडावर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली. समोर मालिकेतला जावई बुटांसकट सोफ्यावर आडवा झाला होता. सासरे एकदाच “अरे!” म्हणाले आणि तरातरा चालत थेट दिव्यांच्या उजेडात गेले.

“उठा.”

तो आवाज ऐकून भल्याभल्यांनी खिसे चाचपले असते. नट उठला. सासऱ्यांनी मखमल झटकली, ठाण मांडलं आणि कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या लेखकावर नजर रोखली.

“जावईबापू! हा सोफा मी बसायला दिला होता. तुम्ही माझ्या मुलीला फरशीवर बसवलंत आणि सोफ्याला नोकरीला लावलंत! अहो, उभा जन्म मी फुकटे प्रवासी पकडले. कोणी झोपेचं सोंग घेतलं, कोणी संडासात लपलं. पण बसायचं बाकच उचलून घरी नेणारा प्रवासी मी आज पहिल्यांदा बघतोय!”

कॅमेरावाला हसता हसता गदगदा हलू लागला. दिवेवाले हसले, केस विंचरणाऱ्या बाई हसल्या. त्या सेटवर कोणी हसत नसे, हसू नंतर यंत्रातून भरलं जाई. दिग्दर्शकाने “कट” म्हटलंच नाही. सासरे थकून थांबले, तेव्हा तो डोळे पुसत लेखकाजवळ आला.

“बारा वर्षं हे कुठे लपवून ठेवलं होतंस?”

“हे मी नाही लिहिलेलं!”

“तेच म्हणतोय मी.”

सासऱ्यांना मालिकेत घ्यायचं जागच्या जागी ठरलं. त्यांची एकच अट होती, सोफा आजच्या आज घरी गेला पाहिजे. दिग्दर्शक ताबडतोब कबूल झाला. आजोबा आले आणि आपला सोफा घेऊन गेले, असं दाखवू म्हणाला, त्यात काय एवढं! लेखकाला वाटलं, याच्या डोक्यात कंटिन्युइटी घालावी, शक्य तितकी जड.

सोफा घरी आला, बायको हसली. पण सासऱ्यांना लिहिलेली वाक्यं काही केल्या जमेनात. गाडी उशिराने धावत असल्याची घोषणा करावी तसे ते संवाद म्हणत, आणि शेवटी विचारत, “यात हसायचं कुठे?” लेखकाने तोच प्रसंग पुन्हा पुन्हा लिहिला. अखेर दिग्दर्शकाने त्याला बाजूला घेतलं.

“तू लिहू नकोस.”

“मग काय करू?”

“कॅमेऱ्याशेजारी उभा राहा. त्यांना दिसशील असा.”

हा धडधडीत अपमान होता. राजीनामा देईन, कोर्टात जाईन, असं लेखक घरी ओरडला. सासरे सोफ्यावरून त्याच्याकडे पाहत होते. त्यांच्या कपाळावर आठी चढली, ओठ थरथरले, आणि दुसऱ्या दिवशीच्या भागाची वाक्यं त्यांच्या तोंडून धडाधड बाहेर पडू लागली. बायकोने लगबगीने फोन काढून ती टिपून घेतली.

मालिका आता पहिल्या क्रमांकावर आहे. परवा वाहिनीच्या समारंभात कोणीतरी सासऱ्यांना विचारलं, “आजोबा, जावई काय करतात तुमचे?”

लेखक श्वास रोखून ऐकत होता. सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, लग्नानंतर पहिल्यांदाच.

“नुसते उभे राहतात,” ते अभिमानाने म्हणाले. “पण असे काही उभे राहतात, की बघणाऱ्याचं डोकंच फिरावं!”