आप्पांचं अंतर

ज्ञानबा आप्पांसमोर चहाचा कप धरला की ते मान हलवतात. आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. नवखा माणूस कप मागे घेतो आणि आप्पा वैतागतात, "दिऊन परत मागं काय घेताय?"

कोळवणच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा मी त्यांच्याच घरातली खोली भाड्याने घेतली. पहिल्या आठवड्यात मीही तीनदा कप मागे घेतला. मग कळलं, तो नकार नसतो, मोजणी असते. तिशीत बांबू तोडताना कामटी उसळून त्यांचा डावा डोळा गेला. एका डोळ्याला वस्तू दिसते, पण ती किती लांब आहे हे चटकन उमगत नाही. मान हलवली की जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"दोन डोळ्यांची मानसं आळशी," आप्पा म्हणतात. "तुमास्नी अंतर आयतं मिळतंय. मला कमवावं लागतंय."

शेजारच्या फार्महाऊसवाल्या साहेबांनी एकदा विचारलं, समोरचा डोंगर किती लांब? उन्हाळा होता, हवा धुरकट. आप्पा म्हणाले, "आज लई मागं सरलाय. पाऊस पडून गेल्यावर इचारा, जवळ पडंल." साहेबांनी पुन्हा काही विचारलं नाही.

मुलीच्या, सुनंदाच्या लग्नाची बैठक तर या मानेपायी मोडता मोडता राहिली. "मग पक्कं समजायचं ना?" असं व्याह्यांनी विचारायला आणि आप्पांनी पोह्यांच्या बशीचा अंदाज घ्यायला एकच गाठ पडली. पाहुणे चपला घालायला उठले. आप्पा पोहे खात होते. मावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सगळ्यांना परत बसवलं.

सुनंदा आता महाळुंग्याला नवव्या मजल्यावर राहते. तिला मुलगी झाली. बारशाला तिने बाळ पुढे केलं, तर आप्पांनी हात पाठीमागे बांधले. मुलगी झाली म्हणून, अशी कुजबुज झाली. सुनंदाचे फोन कमी झाले. आप्पांनी खुलासा केला नाही.

सात-आठ महिन्यांनी एका रविवारी ते मला म्हणाले, "मास्तर, लेकीकडं येताय का सोबतीला?" आम्ही एसटीत बसलो. मग म्हणाले, "ती हातातनं सोडनार, म्या धरनार. मधली ईतभर जागा मला घावत न्हाई. कप पडला तर पडला. ही पोर हाय."

"मग सुनंदाला सांगा की."

"काय सांगू? बापाला तुजी पोर धरता येत न्हाई?"

म्हणून ते मीच सुनंदाला स्वयंपाकघरात सांगितलं. तिने गॅस बंद केला, बाहेरच्या खोलीत गोधडी अंथरली, मुलीला एका टोकाला ठेवलं. "आप्पा, हितं बसा," म्हणून दुसरं टोक दाखवलं.

आप्पा मांडी घालून बसले. मुलीने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि रांगत निघाली. पायजमा धरून वर चढली, मांडीत बसली. तेव्हा आप्पांनी दोन्ही हात तिच्याभोवती धरले. सुनंदा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

थोड्या वेळाने मुलगी तिथेच झोपली. आमची एसटी गेली.

"पाय बधिर झालाय," आप्पा हळू आवाजात म्हणाले. मी मुलीला उचलायला वाकलो.

"ऱ्हाऊ द्या मास्तर. पायच हाय."