आबानं बटण दाबल्याबिगर

त्या सकाळी मी नदीवर पंपाचं बटण दाबून घरी येत व्हतो, पाटाला पाणी आलं व्हतं, आन रंगनाथ त्याच्या ओट्यावरनं वरडला, "आबा, पाणी आलं का?"

"तुझ्या दारापुढनंच चाललंय. दिसत न्हाई व्हय?"

"दिसतंय. पण सांगितल्याबिगर आलं असं धरायचं न्हाई."

रोजचंच हे. त्याच दुपारी तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

रंगनाथ माझा शेजारी. पुण्याकडं कारखान्यातल्या मशिनींचे नियम लिहायचा. कवा चालायचं, कवा थांबायचं, समदं गणितात. कुणी वाचायचं न्हाई. नोकरी संपली, गावी आला, खोड तशीच. ओतूरच्या स्टँडवर कंडक्टरला म्हणला, "मढची गाडी येईल, न्हाईतर येणार न्हाई. तिसरं काय व्हऊ शकतं?" कंडक्टर म्हणला, घाटात बंद पडंल. याला असा आनंद, जशी सोयरीक जमली. "तेच लिहायचं ऱ्हातं बघा."

नदीवरनं पाणी वर आणायची आमची योजना झाली, तिचे नियमही यानंच लिहिले. गणित कुणाला कळंना. मग समद्यांना देवळात उभं केलं. मी पंप, सरपंच वाल्व. तो सांगंल तसं, नियमापरमानं वागायचं. "लाईट गेली," म्हणला. मी खाली बसलो, सरपंच हात बांधून बंद झाले. "लाईट आली." मी उठलो, म्हंजी पंप सुरू. सरपंचांना उघडा म्हणून नियम त्यानं मुद्दाम गाळला व्हता, ते तसंच बंद.

"फुटला पाइप," रंगनाथ म्हणला. "सरपंच, तुमच्यामुळं."

तवापासनं त्याचं गणित गावाला पटलं.

एक अट मात्र कुणाला पटली न्हाई. बाकी समदं आपोआप, पण सकाळी आबानं बटण दाबल्याबिगर पंप चालू व्हता कामा नये. आमची मंडळी नुकतीच वारली व्हती, मला अंथरूण सोडू वाटंना, आन हा मला थंडीत नदीवर पाठवतो. मी लई शिव्या घातल्या. "नियम हाय," एवढंच म्हणायचा.

त्याला पोचवून संध्याकाळी घरी आलो, तर योजनेचा मेकॅनिक दारात. म्हणला, आबा, बटण काढून थेट जोडतो, उद्यापासनं तुमाला तरास नको. बटण नसलं तर बिघडंल काय, हे त्यानं रंगनाथला आदीच इचारलं व्हतं.

"मग काय म्हणला?"

"म्हणले, पंपाचं काय बिघडत न्हाई. आबा सकाळी पडून ऱ्हाता कामा नये."

मी म्हणलो, बटणाला हात लावायचा न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर गेलो. बटण दाबलं. येताना त्याच्या ओट्यापुढं थांबलो. पाणी चाललं व्हतं, दिसतच व्हतं.

तरी सांगितलं, "आलं रं."