उजवा विचाराधीन

सोनवणेकाकांनी लहान मुलाला कधी चॉकलेट दिलं नाही. ते त्याच्या एका डोळ्यावर वाटी धरत.

नोएडात नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या तेव्हाची गोष्ट. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आमच्या शेजारी एकटेच राहायला आले. बारसं असो की सत्यनारायण, शिऱ्याची वाटी रिकामी झाली की ते जवळचं मूल पकडत. आधी एक डोळा झाकत, मग दुसरा. निकाल फाइलच्या भाषेत देत: "डावा मंजूर. उजवा विचाराधीन."

समोरच्या कपूरबाई वैतागत. "भाईसाहब, दो साल का है, क्या पढ़ेगा?"

"पढ़ना नहीं है बहनजी, रोना है."

मूल दोन्ही वेळा रडलं तर नुसतं हट्टी. एकच डोळा झाकल्यावर रडलं तर दुसऱ्याला नीट दिसत नसावं, प्रकरण डॉक्टरकडे.

मी परभणीकडच्या खेड्यात शिकलो. तिथे फळा न दिसणाऱ्याला ढ म्हणून मागे बसवत. त्यामुळे मला काकांचं पटे. पण आमची चार वर्षांची मीनू टीव्हीवरची सगळी कार्टून ओळखायची. तिला काय होणार?

काकांनी तिचा डावा डोळा झाकला. तिने वाटी ढकलली. पुन्हा झाकला, पुन्हा ढकलली. उजवा झाकला, तर खुशाल लाडू खात राहिली.

"उद्याच जा," काका म्हणाले. "या वयात डोळा शिकतो. मग कुणाचं ऐकत नाही."

डॉक्टरही तेच म्हणाले. चष्मा, शिवाय रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. नाहीतर उजवा कायमचा अधू. मीनू पाचव्या मिनिटाला पट्टी उपटायची. आम्ही रागावलो, लाडीगोडी लावली. काही उपयोग नाही.

तिसऱ्या दिवशी काका स्वतःच्या एका डोळ्यावर पट्टी लावून आले. "चलो मीनूबाई, ड्यूटी सुरू."

त्यांचा खांदा दाराला आपटला. चहा कपाशेजारी ओतला गेला. मीनू हसून लोळली. "काका, क्या ॲक्टिंग है!" पट्टी टिकली. काका महिनोन् महिने रोज आले.

एका रविवारी ती पट्टीसकट आईबरोबर खाली झोपाळ्यावर गेली. काका निघाले. बघायला मीनू नव्हती, तरी ते पायाने चपला चाचपत होते. चपला समोरच होत्या.

ती ॲक्टिंग नव्हती. पट्टी त्यांच्याही चांगल्या डोळ्यावर होती.

"काका, आता तरी काढा ना पट्टी."

"तिची वीस मिनिटं बाकी आहेत," ते फ्रिजकडे बघून म्हणाले. मी उलट्या बाजूला उभा होतो.

मी चपला त्यांच्या पायाशी सरकवल्या.