चाला बरं दोन पावलं

आमच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत कोणी नवा माणूस आला, की सोपानबापू त्याचं नाव-गाव विचारत नसत. त्याच्या पायांकडे बघत म्हणत, "चाला बरं दोन पावलं." माणूस बिचारा गोंधळायचा, पण चालायचा. बापू डोळे मिटून ऐकत आणि निकाल देत, "डावी टाच घासतीया. बरं, बसा आता." झाली ओळख! पुढं त्या माणसाचं तोंड ते विसरत, चाल मात्र कधीच नाही.

बापू होते वजनकाट्यावरचे शिपाई. पण दर रविवारी दुपारी चार वाजता ते आमच्या 'रेडिओ'वरचे कलावंत व्हायचे. रेडिओ म्हणजे काय, तर कामगार हॉलच्या मागची एक खोली, एक मायक्रोफोन, एक तापणारं मशीन आणि वसाहतभर खांबांवर बांधलेले सहा कर्णे. एरवी त्यावरून पाळी बदलल्याच्या आणि घोडेगावच्या बाजारातून सुटलेल्या बैलाच्या सूचना द्यायच्या. रविवारी मात्र नाटक. रेकॉर्डिंगची सोय नव्हती, त्यामुळे तोंडातून गेलं ते गेलं. टाइम ऑफिसातला कारकून म्हणजे मी नायक, शाळेतल्या सुमनबाई नायिका, आणि घोडा, आग, वीज, पाऊस हे सगळे बापू.

दुष्काळाच्या साली बापूंनी पत्र्यावर बाजरी ओतून असा काही पाऊस पाडला, की निम्मी वसाहत घागरी घेऊन अंगणात! वर बघतात तर आभाळ कोरडं ठणठणीत. नाटक संपल्यावर बायकांनी बापूंना जे काही ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. बापू शांतपणे म्हणाले, "म्हंजी आवाज बरूबर हुता."

पण त्यांचा खरा जीव पावलांत. दोन्ही हात वहाणांत घालून ते फळीवर माणूस चालवायचे. आणि या वहाणा कुठून यायच्या, हे कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. वसाहतीत कोणी वारलं, की तेराव्याला बापू हजर. त्या दिवशी छत्री-वहाणा दान करतात. गुरुजींना नव्या लागत, बापूंना जुन्याच. "झिजलेल्या असतील त्याच द्या," म्हणत. लोक त्यांना घाबरून असत. आजारी माणसाच्या घरावरून बापू नुसते गेले, तरी घरातल्या बाया पायताणं आत घ्यायच्या.

माझे वडील, तात्या, गेले तेव्हा आईनं त्यांच्या वहाणा बापूंना देऊन टाकल्या. त्याला दोन वर्षं झाली होती. मी विसरूनही गेलो होतो.

त्या रविवारी नाटकात माझं वाक्य होतं, "कोण, पोस्टमन?" त्याआधी दारात पावलं वाजायची होती. मी कागदावर नजर ठेवून उभा. आणि माझ्या पाठीमागं पावलं सुरू झाली. उजवी वहाण कर्रकर्र वाजणारी, डावी मुकी. चार पावलं, मग गुडघ्यासाठी जरासं थांबणं, मग पुन्हा कर्र. ही चाल मी जन्मभर ऐकली होती. मला मागं बघायचा धीर होईना, आणि माझ्या तोंडून सहा कर्ण्यांवरून गेलं, "तात्या?"

सुमनबाईंनी कसंबसं निभावून नेलं. मी मात्र नाटक संपताच रागारागानं घर गाठलं. बघतो तर दार सताड उघडं, उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या, वाटीत गुळाचा खडा. बाहेरून येणाऱ्यासाठी ठेवतात तसं. आई दाराला टेकून बसली होती.

"आई, अगं ते बापू होते!"

"ठावं हाय मला. म्या काय येडी हाय व्हय?" आई म्हणाली. मग पदरानं डोळे पुसून हळूच म्हणाली, "पुना कवा हाय रं नाटक?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी भांडायच्याच तयारीनं बापूंच्या खोलीवर गेलो. ओट्यावर वीस-पंचवीस जोड ओळीनं मांडलेले. आत एवढी माणसं कशाला जमलीत, या विचारानं मी बाहेरच थबकलो. कान दिला तर आत चिडीचूप. डोकावलो, तर बापू एकटेच, मांडीवर फडकं आणि तेलाची वाटी. त्या सगळ्या गेलेल्या माणसांची पायताणं त्यांनी तेल लावून उन्हात ठेवली होती.

"हे काय चालवलंय, बापू? माझ्या बापाला कशाला आणलंत काल?"

"तात्या दोन वर्सं बसून हुते, बाळासायेब," ते खाली मान घालून म्हणाले. "म्हनलं, जरा चालवून आनावं."

मी आत शिरलो. तेवढ्यात कोनाड्यात बायकी चपलांचा एक जोड दिसला. नवाकोरा, तळाला मातीसुद्धा नाही.

"ह्या कुणाच्या?"

बापूंनी वाटी खाली ठेवली. "हौसाच्या. घोडेगावच्या बाजारातून आनल्या हुत्या. घालाया मिळाल्या न्हाईत तिला. सारा जलम अनवानी गेला तिचा." मग चपलांत हात घालून त्यांनी फळीवर दोन पावलं टाकली. टप, टप. "बघा. दुकान वाजतंय. ती न्हाई वाजत. समद्या वसाहतीची चाल ठावं हाय मला, आन् घरची बाई कशी चालायची ते म्या कदी ऐकलंच न्हाई."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन आईला सांगितलं. संध्याकाळी तिनं बापूंना बोलावून ओट्यावर बसवलं, चपला काढल्या, भरलेली घागर कमरेवर घेतली.

"नळ यायच्या आदी आमी दोगी संगं पानी आनायचो. हौसा घागर डाव्या कमरंवर घ्यायची. आइका, भावजी."

आणि आई अंगणातल्या फरशीवरून हौसाबाईंची चाल चालली. डावी टाच दाबून, उजवं पाऊल हलकं, घागरीतलं पाणी डचमळून फरशीवर सांडत. बापूंनी डोळे मिटले होते. "आनखी एकडाव, वैनी," ते म्हणाले. आई पाच-सहा वेळा चालली. बापूंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

पुढच्या रविवारच्या नाटकात एक पाहुणा यायचा होता. मी बघतो तर बापूंच्या हातांत वहाणा नाहीत. समोर ओली फरशी. त्यांनी मायक्रोफोनजवळ वाकून उघड्या तळहातांनी पावलं टाकायला सुरुवात केली. एक जड, एक हलकं. बाजूच्या तांब्यातलं पाणी मधूनच कोपरानं डचमळवत. खोलीत आम्ही तिघंच होतो, पण दारातून कोणीतरी अनवाणी चालत आत येत होतं. सुमनबाईंनी आपलं वाक्य घेतलं, "कोण आलं?"

इतक्या वर्षांत नाटकात एक अक्षर न बोललेले बापू मायक्रोफोनकडे तोंड करून म्हणाले, "आपलीच हाय."

सुमनबाई घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. पुढचं वाक्य माझं होतं. कागदावर होतं तेच मी म्हणालो, "मग दारात कशाला? आत या म्हणावं."