काचेची तार आणि मधली माणसं

काकूंच्या घरातली इंटरनेटची तांब्याची तार काढून काचेची, म्हणजे फायबरची, बसवण्याचा निर्णय कंपनीने काकूंना न विचारता, परंतु त्यांच्याच सोयीसाठी घेतला. काकूंची हरकत नव्हती. दूरदेशी असलेली त्यांची लेक आठवडाभर व्हिडिओवर एकच वाक्य बोलत होती : "आई, तुला एक सांगायचंय—" आणि तोंड उघडं ठेवून गोठत होती. फोनवर सांग म्हटलं, तर म्हणे, "अंहं. तुझं तोंड बघूनच सांगणार."

कंपनीचा सुसंगतता अधिकारी आला. गळ्यात ओळखपत्र, हातात लहरी मोजायचा मीटर, बगलेत 'विसंगत' असं छापलेल्या पिवळ्या चिकटपट्ट्यांचं भेंडोळं. पहिली पट्टी जुन्या फोनला लागली.

"पण तो चालतोय की!" काकू म्हणाल्या.

"चालतोय. पण सुसंगत नाही. हे दोन वेगळे विभाग आहेत आमचे."

जाड भिंतही विसंगत ठरली. म्हणून वाय-फायचा नवा डबा घराच्या बरोब्बर मध्यावर, स्वयंपाकघराच्या दारात, कपाळाला लागेल अशा उंचीवर टांगला गेला. मग पत्रा लहरी अडवतो म्हणून फ्रिज गॅलरीत गेला. पाणी लहरी शोषतं म्हणून माशांची पेटी शेजारी गेली. माणूस भलताच काटेकोर, काकूंना कौतुक वाटलं.

इतक्यात काका समोरून गेले आणि मीटरचा काटा कोसळला.

"काका, जरा परत जा बघू." काटा पुन्हा कोसळला. अधिकारी गंभीर झाला. "माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. तुमच्याकडे साठा जरा जास्त दिसतो."

"अहो, मी मालक आहे या घराचा!"

"मालकी हा वेगळा विभाग," म्हणत त्याने काकांच्या शर्टावर पट्टी चिकटवली.

"जा ना हो जिन्यात," काकू काकुळतीला आल्या. "पोरीचं काय ते कळू दे एकदाचं."

काका पेपर घेऊन, पाय आपटत गेले. काकू स्क्रीनसमोरच्या खुर्चीत बसल्या आणि लगेच कॉल लागला. लेकीची पापणी न् पापणी दिसत होती.

"आई, तुला एक सांगायचंय—"

गोठली. काकूंनी कपाळावर हात मारला.

"काकू, आता मधे फक्त तुम्ही आहात," अधिकारी हळुवारपणे म्हणाला.

"मी बाजूला झाले, तर नीट सांगेल ती?"

"एक शब्द तुटणार नाही. कंपनीची हमी."

आईच्या काळजापुढे काय चालणार! काकूंनी खांद्यावर पट्टी लावून घेतली, चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.

जिन्यात काकांच्या शेजारी खालच्या मजल्याचं अख्खं कुटुंब बसलं होतं. सगळ्यांच्या अंगावर पिवळ्या पट्ट्या. "या वहिनी," खालचे भाऊ सरकत म्हणाले. "आमची लाइन गेल्या आठवड्यातच बदलली. झकास चालते. असं ऐकतो."

आत काटा शिखरावर गेला. लेक हसली, रडली, सगळी बातमी अथपासून इतिपर्यंत सांगितली. रिकाम्या खुर्चीला ती फार स्पष्ट ऐकू आली.

तेव्हा, तुमच्याकडे नेट अडकत असेल, तर उगाच कंपनीला नावं ठेवू नका. डबा आणि स्क्रीन यांच्या मधे कोण बसलंय, ते आधी बघा. तुमच्याशिवाय कोणीच नसेल, तर चपला घाला. जिन्यात अजून जागा आहे.