संमेलनासाठी मारलेली मामी

खोटं कसं बोलावं, हे मला कोणी शिकवू नये! मी कथा लिहिते. जी बाई आठ पानांत अख्खं गाव वसवते आणि नवव्या पानावर पेटवून देते, तिला नवऱ्यासमोर एक थाप मारणं म्हणजे वरणाला फोडणी देण्याइतकं सोपं! असं मला वाटायचं. सन अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी नऊ वाजेपर्यंत तरी वाटत होतं.

मी नलू. पवनारला आमचं किराणा दुकान आहे. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं शिक्षण पुड्या बांधायच्या रद्दीतून. मोठमोठ्या लोकांचं साहित्य मी वाचलं, पण अर्धं. शेवटच्या पानात हळद बांधून गिऱ्हाईक निघून जायचं. मग रात्रभर डोकं फिरायचं, आणि शेवट मीच लिहून काढायची. तेव्हापासून लिहिते. कोणाला विचारून लिहीत नाही आणि कोणाला भिऊन लिहीत नाही.

तर त्या रविवारी वर्ध्याला जिल्ह्यातल्या लेखिकांचं संमेलन होतं. मला पोस्टकार्ड आलं होतं : 'नवोदित लेखिका, कथावाचन, वेळ पाच मिनिटे.' अडतीस वर्षांच्या, दोन पोरं वाढवलेल्या बाईला नवोदित म्हणतात! पण पाच मिनिटं होती. उभ्या आयुष्यात मला सलग पाच मिनिटं कोणी बोलू दिलं नव्हतं. मी 'फौजदारीण' नावाची कथा निवडली. एका खाष्ट सासूची कथा. सासू काल्पनिक होती. म्हणजे तिचं नाव काल्पनिक होतं.

आता घरात खरं का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. मागच्या साली सांगून पाहिलं होतं. नवरा, गजेंद्र, म्हणाला, "लिहाचं तं घरी लिही ना. त्याच्यासाठी वर्ध्याले काऊन जा लागते?" आणि सासूबाई म्हणाल्या, "त्या दिवशी वड्या घालाच्या हायत."

"कोणत्या दिवशी, आत्याबाई?"

"ज्या दिवशी तुहं ते असन, त्या दिवशी."

म्हणून या साली मी डोकं लावलं. आमच्याकडे बाईला घराबाहेर पडायला दोनच कारणं चालतात, बाळंतपण आणि मौत. बाळंतपणाला नऊ महिने लागतात. मौत एका वाक्यात होते.

"पिपरीची मामी गेली," मी म्हटलं. पिपरी वर्ध्याला लागूनच आहे.

जिला जन्माला घातलं तिला त्याच वाक्यात मारलं! इतकी छोटी भूमिका मी कोणत्याच पात्राला दिली नव्हती.

गजेंद्र तराजू पुसत होता. "कोनती मामी?"

"आईच्या मावसभावाची बायको."

"नाव काय व्हय?"

समोर फळीवर उदबत्तीचे पुडे होते. "गुलाब," मी म्हटलं. "गुलाबमामी."

"अरेरे," तो म्हणाला. "जाऊन ये मंग."

काय सोपं होतं! मी पिशवीत कथा टाकली, वर टॉवेल ठेवला आणि पायरी उतरले. इतक्यात मागून आवाज आला, "थांब वं. मी बी येतो."

सासूबाई! सुलोचनाबाई स्वतः! पांढऱ्या लुगड्यात, चपला घालून तयार!

"तुम्ही कायले तरास घेता, आत्याबाई? दूरची मामी..."

"दूरची असो का जवळची, मौतीले घरचं मानूस पाह्यजे. सून एकटीच आली म्हनून लोक नावं ठेवतीन. चाल."

एसटीत मी ठरवलं, वर्ध्याला उतरेपर्यंत काहीतरी सुचेल. सुचलं, पण मला नाही. सासूबाईंना सुचायला लागलं.

"मले आठवते ते गुलाब," धामचा पूल ओलांडताना त्या म्हणाल्या. "तुह्या लग्नात आलती. गोरीपान. नाकात चमकी."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. जी बाई नव्हतीच, तिच्या नाकात चमकी!

"आलती ना?"

"आलती," मी म्हटलं. काय म्हणणार!

शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, "कोन गेलं, माय?" झालं! सासूबाईंनी तिच्याकडे तोंड वळवलं आणि मामीचं आजारपण सुरू केलं. "तीन दिवस पान्याचा थेंब घेतला नाई बिचारीनं. लेकीची वाट पाहून राह्यली होती. लेक आली अन् हिनं डोये मिटले." शेजारची बाई डोळे पुसायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पात्र माझं होतं! मी त्याला एक वाक्य दिलं होतं, आणि या बाईनं पवनार ते वर्धा अकरा किलोमीटरात त्याला नाक, लेक आणि अंतकाळ दिला!

स्टँडवर उतरले आणि ठरवलं, आता खरं सांगायचं. मी निर्भीड लेखिका आहे. संमेलनाच्या मंगल कार्यालयाच्या दारात मी थांबले, श्वास घेतला आणि म्हटलं, "आत्याबाई, एक सांगाचं हाय..."

त्यांचं लक्ष नव्हतं. त्या आत पाहत होत्या. आत शंभरेक बाया सतरंजीवर गप बसल्या होत्या. समोर टेबलावर एका म्हाताऱ्या बाईचा फोटो, डोक्यावरून पदर, फोटोला झेंडूचा हार, पुढे समई आणि उदबत्ती. ती संमेलनाची पहिली अध्यक्ष होती, दोन वर्षांपूर्वी वारलेली. पण हे मला माहीत. सासूबाईंनी फोटोला हात जोडले, पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "लय मानसं जोडली होती वं गुलाबनं!"

तुम्हीच सांगा, मी काय करणार होते? पुढचं खोटं मला बोलावंच लागलं नाही!

आम्ही मागच्या भिंतीला टेकून बसलो. संमेलन बायांचं आणि व्यासपीठावर पाच पुरुष! अध्यक्ष मोहिनीताई तेवढ्या मधोमध, लग्नात चुकून नवरदेवांच्या पंगतीत बसवलेल्या करवलीसारख्या. एक पाहुणे उठले आणि 'स्त्री ही त्यागाची मूर्ती' या विषयावर पन्नास मिनिटं बोलले. आम्हाला पाच, त्यांना पन्नास! माझं रक्त उकळत होतं. सासूबाई मात्र शांतपणे ऐकत होत्या.

"हा मामीचा भाऊ व्हय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"असन."

"इतकं बोलून राह्यला, पन तिचं नाव नाई घेत एकदा बी. भाऊच असन."

मग नवोदितांचं सत्र सुरू झालं. प्राध्यापक बबनराव घंटी घेऊन बसले. पाच मिनिटं झाली की टण्‌! एका पोरीची नायिका विहिरीच्या काठावरच राहिली. उडी मारू की नको, टण्‌!

मला घंटीची भीती नव्हती. पिशवीत 'फौजदारीण' होती आणि शेजारी फौजदारीण बसली होती! वाचली तर आज रात्री माझं घर बंद. नाही वाचली तर पाच मिनिटं गेली, आणि मी परत पुड्या बांधायला मोकळी.

"नलू, पवनार!" बबनरावांनी पुकारा केला.

सासूबाईंनी मला ढोसलं. "तुले बोलावून राह्यले. जाय. मामीबद्दल दोन शब्द बोल."

मी गेले. माइकसमोर उभी राहिले. कागद उघडला. समोर शंभर बाया, आणि त्यांच्या मागे, भिंतीला टेकून, एकच बाई. मला फक्त तीच दिसत होती. पहिलं वाक्य होतं, 'सासू उठली की घरातली भांडीसुद्धा खाड्‌कन उभी राहायची.' ओठ हलले, आवाज निघाला नाही. निर्भीड लेखिका! एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. बाया कुजबुजायला लागल्या.

मागून सासूबाई उठल्या. सुनेला हुंदका आवरत नाही, असं त्यांना वाटलं असणार. त्या सरळ चालत आल्या, मला बाजूला केलं, फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि गळा काढला.

आमच्याकडच्या जुन्या बाया मौतीत नुसत्या रडत नाहीत. गेलेल्या माणसाला समोर बसवल्यासारखं बोलत बोलत रडतात.

"अवं गुलाबबाई वं! काऊन गेली वं अशी न सांगता! साऱ्यायच्या ताटात वाढलं वं तू, तुह्या ताटात काय उरलं ते कोनं पाह्यलं का वं! बोलाचं होतं तुले, बाई, लय बोलाचं होतं. भांडे घासता घासता बोलत होती तू, भांड्यायच्या आवाजात कोनाले आयकू गेलं वं! आता एवढ्या बाया जमल्या तुह्यासाठी, अन् तूच नाई वं बोलाले!"

मग पहिल्या रांगेत कोणीतरी नाक ओढलं. मग दुसऱ्या. बघता बघता सगळी सतरंजी रडायला लागली!

टण्‌! पाच मिनिटं झाली होती.

सासूबाई गर्रकन वळल्या. "कोन व्हय रे घंटी वाजवनारा? तुह्या घरी मौतीत घंटी वाजवतेत का?"

बबनरावांनी घंटी टेबलाखाली ठेवली. ती दिवसभर परत वर आली नाही. जिल्ह्यातल्या लेखिकांसाठी इतकं मोठं काम आजवर कोणी केलेलं नाही, हे मी लिहून देते.

आणि मग टाळ्या! नुसता कडकडाट! मोहिनीताई डोळे पुसत उठल्या, म्हणाल्या, "दु:खाचं इतकं जिवंत सादरीकरण मी पाहिलेलं नाही," आणि पाहुण्यांसाठी आणलेली शाल त्यांनी सासूबाईंच्या खांद्यावर टाकली. सासूबाई शालीकडे पाहत राहिल्या, टाळ्यांकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे पाहत राहिल्या. मला त्या नजरेचीच भीती वाटली.

जेवणात जिलेबी होती.

"नलू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मौतीच्या घरी जिलेबी?"

मग मी सांगितलं. सगळं. फळीवरच्या उदबत्तीसकट.

पंगतीत आमच्या बाजूला देवळीच्या सीताबाई होत्या. त्या कविता करतात. त्यांनी ऐकलं आणि घास हातात धरून म्हणाल्या, "मी तं दाढ काढाले आली. तीन सालं झाले, दर साली एक दाढ काढतो. आता तोंडात जागा राह्यली नाई."

समोरची आर्वीची सपना म्हणाली, "माह्या नवऱ्याले वाटते, मी शिवनाच्या परीक्षेले येते. मागच्या दोन सालं नापास झाली मी!"

पंगतभर खसखस पिकली. कोणाची मावशी गेली होती, कोणाचा नवस होता, एकीनं तर चष्म्याचा नंबर सहा वेळा बदलला होता. शंभर बायांतल्या निम्म्या थाप मारून आल्या होत्या! मला वाटायचं, जिल्ह्यात अशी मी एकटीच. पत्ते लिहून घ्यायला कागद पुरेना. पत्रावळीच्या कडेवर पत्ते लिहिले आम्ही.

सासूबाई हसल्या नाहीत. "म्हंजे मामी नाईच?"

"नाई, आत्याबाई."

"कधीच नोती?"

"नाई."

"अन् तिची चमकी?"

"ते तुमची होती."

"लेकीची वाट पाहे ते?"

"ते बी तुमचंच."

त्यांनी जिलेबीचा एक तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "मंग मी रडली कोनासाठी वं?"

सीताबाईंनी आपल्या पानातली एक जिलेबी उचलून त्यांच्या पानात ठेवली.

सासूबाईंनी नाक पुसलं, नव्या शालीनं नाही, जुन्या पदरानं. "गजूले काई सांगू नोको. त्याच्याशी मी बोलीन. पुढल्या साली मामीचं वर्षश्राद्ध हायच, दोघीयलेबी या लागन." मग माझ्या पिशवीकडे बोट केलं. "तुहे पाच मिनटं म्या खाल्ले. काय वाचनार होती ते आता वाच."

"इथं?"

"इथं. पाह्य, बाया बसल्याच हायत. अन् घंटी बी नाई."

बाया सरसावून बसल्या. सीताबाईंनी पाण्याचा गिलास पुढे केला. आता पळायला जागा नव्हती. मी कागद काढले, घसा साफ केला आणि मोठ्यानं वाचलं, "जाऊ उठली की घरातली भांडीसुद्धा खाड्‌कन उभी राहायची."

हो! जाऊ! वाचता वाचता मी सासूची जाऊ केली! आठ पानांत तेवीस ठिकाणी! एकही चुकवली नाही. पाच मिनिटं कधीच उलटली, कोणी हललं नाही. बाया हसल्या, दोनदा हळहळल्या, शेवटी टाळ्या दिल्या. मी घाम पुसला आणि सासूबाईंकडे पाहिलं.

"गोष्ट चांगली हाय," त्या म्हणाल्या. "भाषा बी खनखनीत हाय. पन मधात ते जाऊ म्हनते ना, 'माह्या पोराचं लगन तुह्याशी लावून देल्लं तेच चुकलं', ते काई समजलं नाई बाप्पा. जावेनं आपल्या पोराचं लगन आपल्याच देरानीशी, लहान्या जावेशी काऊन लावलं?"

पंगत एकदम पानात पाहून जेवायला लागली. सपनाला ठसका लागला.

"पुढल्या साली सासूच ठेव," सासूबाई म्हणाल्या. "मी समोरच बसतो. पाहू कशी वाचते तं."

तर आता कथेत सासू परत आली आहे. सासूबाईंना मी ती दोनदा वाचून दाखवली. त्यांच्या मते, ती अजून नीट भांडत नाही.