दुल्ह्याचं गोडं पाणी

पेणला बहिणीच्या घरी जेवायला बसलेल्या जमालभाईंना एकदम फिश टँक आठवला आणि घास हातातच राहिला. रोह्याजवळच्या वरसे गावातल्या त्यांच्या घरात, काचेच्या टाकीत, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला एक समुद्री मासा होता. बायकोने, फरझानाने आणलेला. त्याचं नाव तिने दुल्हा ठेवलं होतं. शेवटच्या आजारपणात तिने नवऱ्याला बजावलं होतं, "उन्हाळ्यात पाणी आटतं, मीठ खालीच राहतं. रोज तांब्याभर गोडं पाणी घाला, नायतर दुल्हा मरंल." ती जाऊन नऊ महिने झाले. जमालभाईंनी एक दिवस चुकवला नव्हता. आता मात्र दोन दिवस कोरडे गेले होते.

त्यांनी सुनेला फोन लावला. भिवंडीच्या माहिराला या घरात येऊन चारच दिवस झाले होते.

"बेटा, दुल्ह्याला गोडं पाणी द्यायचं राहिलं. तांब्याभर दे. आत्ताच."

"आत्ता?" माहिरा लाजल्यासारखी वाटली. "बरं, अब्बा."

जेवण उरकता उरकता त्यांनी पुन्हा फोन करून विचारलं, "दिलंस?"

"दिलं. नाय नाय म्हणत होता, पण सगळं प्यायला."

पोरगी गमतीची आहे, जमालभाईंना वाटलं. "पाणी गोडंच होतं ना?"

"हो. आठ चमचे साखर घातली."

जमालभाईंचं हसू गेलं. साध्या पिण्याच्या पाण्याला इकडे गोडं म्हणतात, हे भिवंडीच्या मुलीला कोण सांगणार?

"आता कसा हाय तो?"

"आडवा झालाय. पोट फुगलंय. तोंड वासून पडलाय."

जमालभाई हातही नीट न धुता स्टेशनवर गेले. रोह्याची गाडी मिळाली, पण नागोठण्याला क्रॉसिंगसाठी थांबली ती हलेना. त्यांनी जनूला फोन केला. शेजारच्या जनूचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं होतं.

"जनू, सूनबाईनं दुल्ह्याला साखरेचं पाणी दिलंय! निपचित पडलाय!"

"काय सांगता, जमालभाय!"

"खारं पाणी कर. दर्यासारखं. धाव!"

"मिठाचं मला नका शिकवू. ह्यो निघालोच!"

जमालभाई घरी पोचले तेव्हा दार उघडं होतं. पडवीत फैजल, दुबईहून लग्नासाठी आलेला त्यांचा मुलगा, बादलीवर वाकला होता. जनूने त्याची मान धरली होती.

"अजून एक घोट! साखर सगळी भायेर पडली पायजे!"

माहिरा कोपऱ्यात रडत होती. जमालभाई तिघांना ओलांडून थेट टाकीपाशी गेले. मासा आरामात फिरत होता. पाणी मात्र चार बोटं खाली गेलं होतं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, माशाचं नाव त्यांनी फरझानाशिवाय कोणासमोर घेतलंच नव्हतं.

फैजल भिंतीला धरत आत आला. "अब्बा, मी हितं मरतोय आन् तुम्ही मासा बघताय?"

"दुल्हा हा हाय," जमालभाई म्हणाले.

"माशाचं नाव दुल्हा?"

"चार वर्षं तू लग्नाला नाय म्हणत व्हतास. मग एक दिवस तुझी आई ह्याला घेऊन आली. म्हणाली, घरात एक तरी दुल्हा असू दे."

जनूने हातातला पेला हळूच पाठीमागे नेला.

फैजलने तांब्या उचलला, माठातून भरला आणि टाकीजवळ गेला. ओतण्याआधी त्याने पाण्यात बोट बुडवून चाखलं.

"साधं हाय," तो म्हणाला, आणि हळूहळू ओतू लागला.